मचवा कोणाच्या हातचा

ठाण्यात चेंदणीच्या कोळीवाड्यात वय कोणी आकड्यांत सांगत नसे. माणसाचंही नाही आणि मचव्याचंही नाही. रेल आली तेव्हा मी रांगत होतो, पटकीची साथ आली तेव्हा माझं लगीन झालं होतं, असा सगळा हिशेब. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं, कारण खाडीला भरती-ओहोटी कळते, तारीख कळत नाही. पण त्या वर्षी शेवंतीचं बिघडलं. तिच्या मचव्याचं वय ठरवायची वेळ आली आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर येऊन बसलं.

शेवंतीचा नवरा परशुराम दोन पावसाळ्यांमागे तापानं गेला. पोरबाळ नव्हतं. मागे राहिली ती म्हातारी सासू जनाबाई, एक खोपटं आणि तो मालवाहू मचवा. मिठागरावरचं मीठ आणि पलीकडच्या काठावरचं गवत भरून मुंबईच्या बंदरात उतरवायचं, हे मचव्याचं काम. नवऱ्याच्या माघारी बाई तो विकून टाकील, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं विकला नाही. नवऱ्याचाच जुना साथीदार तानाजी याला सुकाणूवर बसवलं, भाडं ठरवायला स्वतः मिठागरावर उभी राहू लागली आणि दोन वर्षं तिनं मचवा रिकामा फिरू दिला नाही. बाईमाणूस व्यापाऱ्याशी तोंड वर करून बोलतं म्हणून वाड्यातल्या बायकांनी आधी नाकं मुरडली, मग सवयीनं गप्प बसल्या.

मग कार्तिकात तिचा थोरला दीर गोमाजी याची होडी घोडबंदराकडच्या खडकावर फुटली. माणसं वाचली, होडी गेली. होळीच्या आधी गोमाजी पाटलाकडे गेला आणि म्हणाला, परशाच्या घरचा मचवा तो आमच्या बापाचा आहे, मी थोरला आहे, तो माझ्याकडे यावा.

गोमाजी लबाड नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. लबाड असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. तो मोठ्या अंगाचा, मंद बोलणारा, देवभोळा माणूस. भाऊ जिवंत असेपर्यंत त्यानं मचव्याचा म काढला नव्हता. बापाची वस्तू धाकट्याकडे काय आणि माझ्याकडे काय, असं म्हणायचा. आता धाकटा नाही, त्याला मूल नाही, उद्या शेवंतीनंतर मचवा तिच्या माहेरच्यांच्या घरात जाणार, आणि ते त्याला सोसवत नव्हतं. पोटाचा प्रश्न तर होताच.

शेवंतीचं म्हणणं एवढंच होतं की मचवा सासऱ्याचा नाहीच. तो तिच्या नवऱ्यानं नवा बांधला.

यात खरं काय ते ठरवणं सोपं वाटावं, पण नव्हतं. सासरा भिवा नाखवा मेला तेव्हा गोमाजी मलबारकडे जाणाऱ्या एका गलबतावर खलाशी होता. त्याला परतायला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात परशुरामानं बापाचा जुना मचवा, आत येणारं पाणी उपसत उपसत, खाडीच्या वरच्या अंगानं कल्याणला नेला. तिथे दुर्गाडी किल्ल्याखाली राघो सुतार नावा बांधायचा. परशुराम आठ-नऊ महिने तिथेच राहिला, सुताराच्या हाताखाली राबला आणि एक दिवस मचवा घेऊन परत आला. आता गेला तोच मचवा डागडुजी होऊन आला, की गेलेला तिथेच मोडला आणि दुसरा आला? परशुरामानं नवा बांधतानाही बापाच्याच मापानं बांधला होता. तीच लांबी, तोच पुढचा उंच नाकाडा, तोच तांबडा पट्टा. बापावर एवढी माया ठेवली नसती तर आज बायकोला बरं झालं असतं.

पाटलानं चार पंच घेतले आणि सगळे ओहोटीला चिखलात उतरून मचव्याभोवती फिरले. एकानं फळ्यांवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, लाकूड जुनं आहे. दुसरा म्हणाला, वीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढली तर तूही जुना दिसशील. तिसऱ्यानं खिळे पाहिले. काही गंजून काळे पडलेले, काही बरे. बरे होते ते मागाहून मारलेले असतील, किंवा काळे होते ते जुन्या मचव्यातून काढून वापरलेले असतील. आतल्या अंगाला दोन फळ्या बाकीच्यांहून काळ्या होत्या. गोमाजी म्हणाला, ह्या बापाच्या. शेवंती म्हणाली, असतीलही, चांगल्या दोन फळ्या कोण टाकून देतो? ज्याला जे हवं ते त्याला त्या मचव्यात दिसत होतं.

साक्षीदारांची तर वेगळीच तऱ्हा. एका म्हातारीनं सांगितलं, नवा मचवा आला तेव्हा तिची म्हैस व्यायली होती, तिनं चिकाचा खरवस वाटला होता. म्हैस कधी व्यायली विचारलं तर म्हणाली, नवा मचवा आला तेव्हा. दुसऱ्यानं छातीठोक सांगितलं की मचवा डागडुजीचाच, त्याचा बाप तसं म्हणायचा. आणि त्याचा बाप भिवाच्याही आधी मेलेला. तानाजी परशुरामाकडे लागला तो मचवा कल्याणहून आल्यानंतर, आणि ज्यांना नीट ठाऊक असायचं त्या पिढीची माणसं पटकीनं नेली होती.

जनाबाईलाही विचारलं. तिचाच नवरा, तिचेच दोन्ही मुलगे. ती पाटलाच्या पडवीत खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, मना काय ठावं बाबा, ती पुरुषांची कामं. पंचांनी मान हलवली. शेवंतीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सासू सत्तरीची, आणि होडीच्या कामात बायकांना कोणी विचारतच नसे.

मग शेवंती कल्याणला गेली. तानाजीला सोबत घेऊन आगगाडीनं गेली आणि दुर्गाडीखाली उतरून राघो सुताराचं घर शोधत फिरली. घर सापडलं, राघो सापडला नाही. तो सहा-सात वर्षांमागेच वारला होता. त्याचा मुलगा आनंदा आता बैलगाड्यांची चाकं बनवायचा. माणूस भला होता. त्यानं पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं आणि बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. ठाण्याचा एक कोळी वडिलांकडे राहायला होता, रात्री छान गायचा, एवढं त्याला आठवत होतं. पण तो जुनं दुरुस्त करत होता की नवं बांधत होता, ते नाही. तेव्हा मी भुसा गोळा करायचो, म्हणाला, मला सगळ्या नावा सारख्याच दिसायच्या.

परशुराम गायचा हे शेवंतीला ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर तो कधी गायला नव्हता. परतीच्या गाडीत ती त्याच एका गोष्टीशी अडखळून बसली आणि ठाकुर्ली कधी मागे गेलं तेही तिला कळलं नाही.

घरी आल्यावर मात्र तिला उपाय सुचला. सुचला म्हणजे काय, इतके दिवस समोरच होता. पण त्याला हात लावणं पाप, म्हणून तिकडे कोणी पाहत नव्हतं.

नवा मचवा धरताना तळाची लांब तुळई आधी बसवतात. तीच मचव्याची पाठ. तिच्यात डोलकाठीचा पाय रोवायला खाच करतात आणि त्या खाचेच्या तळाशी मालक स्वतःच्या हातानं एक नाणं ठेवतो, कुंकू लावतो, वर लाकडाची चकती ठोकून राळेनं बुजवून टाकतो. त्या वेळी बायका तिथे नसतात. आणि आपण काय ठेवलं ते मालकानं कोणापाशी बोलायचं नसतं. बोललं की बरकत गेली. मचवा मोडेपर्यंत ते नाणं उजेड पाहत नाही.

पण शेवंतीला ठाऊक होतं. परशुराम कल्याणला निघाला तेव्हा तिनं आपल्या लग्नातला रुपया हळदीत बुडवून, फडक्यात बांधून त्याच्या हाती दिला होता. कोरा राणीछाप रुपया. मचव्यात ह्योच घाल, असं तिनं सांगितलं होतं आणि तो हो म्हणाला होता. सासऱ्याचा मचवा कंपनीच्या अमलातला, त्या काळी राणीचं नाणं कुठलं? म्हणजे चकती काढली की उत्तर मिळालं. राणी निघाली तर मचवा परशुरामाचा. कंपनी निघाली तर भिवा नाखव्याचा. वाचता येत नसलं तरी हे कोणालाही ओळखता आलं असतं. राणीचा मुखडा आणि कंपनीचे दोन सिंह वाड्यातल्या पोरांनाही ठाऊक होते.

तिनं हे पंचांना सांगितलं तेव्हा ते दचकले. डोलकाठीखालची चकती उघडायची म्हणजे चालत्या मचव्याचं पोट फाडण्यासारखं. गोमाजी तर कानाला हात लावू लागला. पाटलानं तिला दोनदा विचारलं. राणी निघाली तर तुझा, कंपनी निघाली तर गोमाजीचा, हे कबूल आहे का? मग मागे फिरता यायचं नाही. शेवंती म्हणाली, "कबूल. मी माज्या हातानं दिलाय. मना नाय ठावं तर कोनाला?"

तानाजी तिला बाजूला घेऊन म्हणाला, वैनी, जरा दमानं घे, परशा काय सगळंच तुला सांगत नव्हता. तिला राग आला. नवऱ्यानं दिलेल्या शब्दावर परक्या माणसानं शंका घ्यावी, हेच तिला सहन झालं नाही. जनाबाई तेव्हा तिथेच होती. तिनं सुनेकडे एकदा पाहिलं, तोंड उघडलं, आणि पदर दातांत धरून पुन्हा खाली पाहत बसली. शेवंतीला वाटलं, म्हातारीला अपशकुनाची भीती वाटते आहे.

दुसऱ्या ओहोटीला सगळा वाडा काठावर जमला. आठ माणसांनी मिळून डोलकाठी उचलून आडवी केली. पाटलानं नारळ फोडला, दर्याची माफी मागितली. मग एकजण छिन्नी घेऊन आत उतरला. राळ दगडासारखी झाली होती, ती फुटायला वेळ लागला. त्या ठोक्यांची शेवंतीला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर तिला थोडा आनंदच वाटत होता. इतक्या वर्षांनी आपला रुपया दिसणार, नवऱ्याच्या हातचं कुंकू त्यावर असेल, असं काहीबाही मनात येत होतं.

चकती निघाली. त्या माणसानं बोटानं चिखल काढला, नाणं पाण्यात खळबळून पाटलाच्या तळहातावर ठेवलं. ते तांब्याचं होतं. पाटलानं ते अंगठ्यानं घासलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. दोन सिंह.

गोमाजी गुडघाभर चिखलात पुढे आला, ते नाणं त्यानं दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि हमसून हमसून रडायला लागला. बापाच्या हातचं नाणं होतं त्याच्या लेखी. एवढा दांडगा माणूस असा रडताना पाहून काठावरच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले.

शेवंती मात्र ओरडली. "कंपनीचे पयसे तवा बी बाजारात चालत व्हते," ती म्हणाली. "अजून बी चालतात. त्यानं दुसरा घातला असंल."

खरंच होतं ते. पण पाटलानं तिच्याकडे पाहिलं ते कीव येऊन पाहिलं. तो म्हणाला, "शेवंती, बोली तुजीच व्हती. तूच बोललीस, रानीचा रुपया हाय म्हून." पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आणि त्या परमेश्वराच्या तोंडी शब्द तिनंच घातले होते. मचवा भिवा नाखव्याच्या काळातला ठरला आणि गोमाजीकडे गेला. शेवंतीला राहतं खोपटं आणि पोटापुरतं धान्य द्यावं, असंही पंचांनी सांगितलं, आणि गोमाजीनं ते डोळे पुसत लगेच कबूल केलं.

संध्याकाळी शेवंतीनं चूल पेटवली नाही. ती उंबऱ्यात बसून राहिली. तिला मचवा गेल्याचं जेवढं दुःख झालं होतं, तेवढंच दुसरंही एक झालं होतं. नवऱ्यानं आपला रुपया घातला नाही. हो म्हणाला आणि घातला नाही. पुढे इतकी वर्षं तिच्यासोबत जेवला-झोपला आणि सांगितलं नाही. कदाचित मचवा खरंच डागडुजीचा असेल, कदाचित तो तिच्याशी खोटंच बोलला असेल, इथवर तिचं मन गेलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तरी ती मनातल्या मनात भांडत होती.

जनाबाई आतून आली आणि तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "त्याला बोल लावू नको, बाय. तो पयसा मीच दिल्ता."

शेवंतीनं वळून पाहिलं.

म्हातारीनं हळूहळू सांगितलं. परशुराम कल्याणहून मध्येच एकदा रात्रीपुरता घरी आला होता, शेवंती तेव्हा माहेरी होती. बापाचा मचवा मोडला, म्हणाला, सगळा कुजला होता, सुतारांनी त्याचं सरपण केलं. तळातून निघालेलं बापाचं नाणं त्यानं आईला आणून दिलं. जनाबाईनं ते रात्रभर उशाशी ठेवलं आणि सकाळी परत त्याच्या हातात दिलं. बापाला दर्यानं कधी दगा दिला नाही, त्याची बरकत बाहेर टाकू नको, नव्या मचव्यात हेच घाल, म्हणाली. तो म्हणाला, शेवंतीनं रुपया दिलाय. ती म्हणाली, आईचं ऐकशील की बायकोचं? त्यानं आईचं ऐकलं. आणि रुपया राघोला दिला, खिळे कमी पडत होते म्हणून.

"म्हंजी मचवा नवाच," शेवंती म्हणाली.

"नवाच. त्यानं बांधला. हाताला फोड आल्ते त्याच्या."

शेवंती उठली. तिनं सासूचा हात धरला आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता पाटलाकडे चल, हेच सांग. जनाबाई उठली नाही. तिचा हात शेवंतीच्या हातात तसाच सैल पडून राहिला. पडवीत बसली होतीस तेव्हा का नाही बोललीस, चकती उघडायच्या आधी का नाही बोललीस, असं शेवंतीनं विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तिचा आवाज चढला तसे शेजारचे लोक दारात आले आणि पुन्हा आत गेले.

"मना दोन पोरं व्हती," जनाबाई म्हणाली. "एक गेला. आता जो राह्यला तो मना आग देनार हाय. त्याच्या तोंडातला घास मी कसा काढू? तूच सांग, बाय."

हीच म्हातारी दोन वर्षं तिच्या हातचं जेवली होती. तापानं फणफणली तेव्हा शेवंतीनंच तिचं सगळं केलं होतं, आणि गोमाजीच्या घरून कोणी डोकावलंही नव्हतं. हे सगळं बोलून दाखवावं असं तिला वाटलं, पण बोलून मिळणार काय होतं? आपण हिच्या पोटचे नाही, हे एवढं एक सत्य होतं आणि त्यापुढे बाकीचं सगळं लटकं पडत होतं.

तरी सकाळी ती एकटीच पाटलाकडे गेली. पाटलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जनाबाईला बोलावणं धाडलं. जनाबाई आली, खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, मी काय बोलले नाय, पोरगी रात्रभर रडतेय, तिला भास झाला असंल. पाटलानं शेवंतीला घरी जायला सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं, पण लोक आता तिच्याशी वेड्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलू लागले होते. त्याच दिवशी जनाबाई आपलं बोचकं घेऊन गोमाजीच्या घरी राहायला गेली.

गोमाजीनं शब्द पाळला. महिन्याचे तांदूळ तो न चुकता पाठवत असे, कधी वर सुकी मासळीही. ते तांदूळ शेवंतीच्या घशाखाली उतरत नसत. ती ते शेजारणीला देऊन टाकायची आणि स्वतः मिठागरावर मजुरीला जायची. जिथे दोन वर्षं उभी राहून तिनं भाडं ठरवलं, तिथेच आता डोक्यावर मिठाची पाटी घेऊन इतर बायकांच्या रांगेत चालायची. मिठानं टाचा फाटल्या, त्यात पुन्हा मीठ गेलं. रात्री पाय जमिनीवर टेकवत नसत. मुकादम ओळखीचा होता, त्याला तिच्याकडे पाहायची लाज वाटे, म्हणून तो तिच्यावरच जास्त खेकसे.

मचवा मिठागराला लागायचा तेव्हा ती मुद्दाम दुसऱ्या ढिगाकडे जायची. पण वैशाखात एके दिवशी माणसं कमी होती आणि मुकादमानं सगळ्या बायकांना एकाच मचव्याकडे लावलं. काठापासून मचव्यावर फळी टाकलेली होती. शेवंती पाटी घेऊन चढली. त्या फळीवरून ती दोन वर्षं मालकीण म्हणून चढली होती. पाटी रिकामी करायला तिनं मान वाकवली तेव्हा डोलकाठीच्या बुडाशी नवी, पांढरी चकती ठोकलेली दिसली.

मुंबईचा एक व्यापारी गोमाजीजवळ उभा होता. तो मचव्याची कड हातानं चाचपून पाहत होता. लाकूड कसं एकजीव बसलंय, म्हणाला, कुठे सांधा म्हणून दिसत नाही, असं काम आता कोणी करत नाही. कोणी बांधला, असं त्यानं विचारलं.

"आमच्या बापानं," गोमाजी म्हणाला. त्याचा चेहरा अभिमानानं उजळला होता. "चाळीस वर्सं झाली."

"आणि तुमचा भाऊ होता ना? त्याच्याकडेच होता वाटतं हा."

"व्हता," गोमाजी म्हणाला. "पन त्यानं काय केला नाय. त्यानं नुस्ता चालवला."

शेवंती तिथेच उभी होती, हाताच्या अंतरावर. मागच्या बाईची पाटी तिच्या पाठीला लागली आणि ती बाई म्हणाली, चल गो, वझं हाय डोक्यावर. शेवंती चालायला लागली. ती फळीवरून खाली उतरली, ढिगाकडे गेली, पाटी भरून घेतली आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली.